चादरीचं दुसरं टोक

"किती कोवळ्या वयात गेली हो पोर!" शेजारच्या बाई हुंदका आवरत म्हणाल्या आणि पर्समधला एक जादा रुमाल त्यांनी अंधारातच ताईच्या हातात कोंबला. "घ्या. लाजू नका. सगळेच रडताहेत."

ताईनं रुमाल घेतला. नको म्हणायचं तिला सुचलं नाही. समोर पडद्यावर, धुतलेल्या चादरींच्या ढिगावर एक देखणी मुलगी निपचित पडली होती आणि एक शाळकरी मुलगा तिचा हात गालाशी धरून "ताई, ए ताई" म्हणून टाहो फोडत होता. ती मुलगी म्हणजे आपणच, हे ताईला सिनेमा सुरू झाल्यापासून कळलेलं होतं. ती मरणार आहे, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सिनेमा तिच्या धाकट्या भावाच्या आयुष्यावरचा होता. सुरुवातीलाच काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली होती, की ही सत्यकथा आहे. हॉस्पिटलच्या धुलाईघरात, ओल्या कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये वाढलेला एक पोरगा पुढे मोठमोठे पूल बांधणारा इंजिनिअर होतो, अशी ती कथा. आज गावातल्या थिएटरात त्याचा खास खेळ होता. भाऊ स्वतः आला होता आणि पुढच्या रांगेत पाहुण्यांच्या घोळक्यात बसला होता. ताईचा पास त्यानं सकाळी ड्रायव्हरच्या हाती पाठवला होता. पास मागच्या बाजूचा होता. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. मागून नीट दिसतं.

महिन्यापूर्वी फोनवर तो म्हणाला होता, "ताई, त्यांनी थोडं इकडचं तिकडे केलंय हं. सिनेमाच आहे शेवटी."

"करू दे की," ती म्हणाली होती. "मला काय कळतंय त्यातलं!"

थोडं म्हणजे किती, हे विचारायचं राहून गेलं.

तसा सिनेमा छान होता. आईची भूमिका करणारी नटी आईसारखीच जरा वाकून चालत होती. आईचे हात सोड्यानं आणि गरम पाण्यानं कामातून गेले, तेव्हा ताईनं शाळा सोडून तिची जागा घेतली, तेही दाखवलं होतं. आणि मग ते घडीचं दृश्य आलं. चादरीची दोन टोकं ताईच्या हातात, दोन भावाच्या. दोघांनी ताणायची, दुमडायची, एकमेकांकडे चालत यायचं, टोकं एकाच्या हातात द्यायची आणि पुन्हा मागं सरायचं. प्रत्येक घडीला ती त्याला एक प्रश्न विचारायची आणि हात जुळायच्या आत त्यानं उत्तर द्यायचं. त्याचा सगळा अभ्यास असाच झाला होता. हे त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे त्यानंच सांगितलं असणार, विसरला नव्हता.

त्या दृश्यात ताई एकदा चक्क हसली होती. हॉस्पिटलच्या चादरीच्या कोपऱ्यावर निळा शिक्का असतो आणि घडी झाल्यावर तो वर यावा लागतो, नाहीतर कुठल्या वॉर्डची चादर कुठं जाते याला धरबंध राहत नाही. भाऊ डावखुरा. तो नेमका उलटीकडून दुमडायचा आणि शिक्का आत जायचा. पडद्यावरच्या पोरानंही तसंच केलं. शिक्का गडप! "शिकवलंन वाटतं त्यालाही," असं ताई स्वतःशी पुटपुटली आणि शेजारच्या बाईंनी तिच्याकडे चमकून पाहिलं.

त्यानंतर थोड्याच वेळात ती पडद्यावरची ताई खोकायला लागली.

ताईला वाईट वाटलं, असं म्हणणं बरोबर होणार नाही. पहिल्यांदा तिला नुसतं चुकल्याचुकल्यासारखं झालं. आपल्याच दारावर कुणी दुसऱ्याच्या नावाची पाटी लावावी, तसं. तिला जन्मात कधी खोकला झाला नव्हता. तिनं हातातल्या रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली, पुन्हा उलगडली. पडद्यावर भाऊ मोठा झाला, परीक्षा दिल्या, उपाशी राहिला, हरला, उठला. प्रत्येक वेळी आभाळात त्या मुलीचा चेहरा दिसायचा आणि तो पुन्हा कंबर कसायचा. शेवटी नदीवरचा पूल झाला. मंचावरचे दिवे लागले आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

भाऊ मंचावर आला. केस पांढरे झाले होते, पण माईक हातात घेतल्यावर आधी घसा खाकरायची सवय तीच. लोकांनी प्रश्न विचारले. एक शाळकरी मुलगी उठली. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"सर, आज तुमच्या ताई असत्या, तर काय म्हणाल्या असत्या?"

कपाळावर आडवा हात धरून, डोळ्यांवर येणारा दिव्याचा झोत अडवत, भाऊ मागच्या काळोखात बघू लागला. या रांगेवरून त्या रांगेवर.

ताई अर्धवट उठली. ठरवून नव्हे, कुणी आपल्याला शोधत असलं की माणूस उठतोच. उठली आणि तशीच अवघडून राहिली. आता इथून "अरे, मी इथं आहे" म्हणावं, तर हे एवढे लोक रडले त्याचं काय? आणि भावाचं काय? सत्यकथा असं लिहिलंय त्यानं.

"काय हो, बरं वाटत नाहीये का?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"नाही हो. बरी आहे मी," ताई म्हणाली आणि खाली बसली.

वरून भावाचा आवाज आला. "ताई असती तर म्हणाली असती, पुरे झालं कौतुक. टोकं धर."

लोक रडता रडता हसले. वाक्य तिचंच होतं. तिचं खेकसणंही त्यानं बरोबर उचललं होतं. ताई बाजूच्या दारानं बाहेर पडली आणि घरापर्यंत चालत गेली. रुमाल परत द्यायचा राहिला, हे तिच्या घरी गेल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुलाईघरात यंत्रं नेहमीसारखी घरघरत होती. इस्त्रीच्या मोठ्या रुळाशी बसणाऱ्या मावशीनं तिला दारातच गाठलं. ताईचा भाऊ कोण, हे इथं एकट्या मावशीला माहीत होतं. तिनं ते इतरांना सांगून पाहिलं होतं, पण कुणी विश्वास ठेवला नव्हता, म्हणून तिचा सगळ्यांवर राग होता.

"कसा होता गं?"

"चांगला होता."

"तू होतीस त्यात?"

"होते की."

"मग?"

"मेले."

मावशीनं रूळ थांबवला. "म्हणजे?"

"म्हणजे मेले. खोकून खोकून. मस्त मेले अगदी, लोक ढसाढसा रडले."

"अगंबाई! आणि तो काय करत होता?"

"रडत होता."

"चांगला बदडायला हवा होता लहानपणी," मावशी म्हणाली. "तू त्याला कधी हात लावला नाहीस, तिथंच चुकलं."

ताई हसली आणि चादरींकडे वळली. मावशीचा खांदा आखडल्यापासून घडीला जोडीदार नव्हता. भिंतीत एक खुंटी होती. एकट्या माणसानं चादरीची दोन टोकं तिच्यात अडकवायची आणि उरलेली दोन स्वतः धरून मागं सरायचं. घडी होते; फक्त समोरून कुणी चालत येत नाही.

दिवस जरा वर आल्यावर भाऊ आला. भारी बूट ओल्या फरशीवर जपून टाकत, वाफेत डोळे बारीक करत तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मावशीनं त्याच्याकडे एक जळजळीत नजर टाकली आणि "मी चहाला जाते" म्हणत निघून गेली.

"काल थांबली नाहीस," तो म्हणाला.

"उशीर झाला होता."

"रागावलीस."

"नाही रे. खोकले तेवढं आवडलं नाही. फार खोकायला लावलंय."

तो हसला नाही. "ताई, खूप विचार केला त्यांनी. म्हणजे, मीही केला. ते म्हणाले, बहीण जिवंत ठेवली तर लोक विचारणार, मग तिचं पुढं काय झालं?"

"मग सांगायचं."

"काय सांगायचं?"

ताईनं हातातली चादर किंचित वर केली. मग आजूबाजूला पाहिलं. गोल फिरणारी यंत्रं, भिंतीवर गळणारं पाणी, वॉर्डांच्या गाड्या. "हे," ती म्हणाली.

भाऊ फरशीकडे बघत राहिला. "ताई, तो गरिबीवर मात केल्याचा सिनेमा आहे."

"असं." तिनं खुंटीतली टोकं सोडवली. "म्हणजे मी मेले तर मात होते आणि मी कामाला आले तर होत नाही."

"तसं नाही गं. किती वेळा म्हटलं, सोड हे सगळं, माझ्याकडे राहायला ये. तूच येत नाहीस."

"आणि येऊन काय करू? तुझ्या बायकोचे पडदे दुमडत बसू? पहिल्या आठवड्यात हाकलेल ती मला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला इथं बरं वाटतं. सकाळी उठून यावंसं वाटतं. तुला ते खरं वाटत नाही, एवढंच. कीव करतोस माझी."

एका यंत्राचं पाणी धो-धो करत नळीवाटे गेलं.

"काल वरून मला शोधत होतास ना?"

"हो. दिसली नाहीस."

"दिसले असते तर? काय म्हणाला असतास सगळ्यांना?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही, ताई."

ताईला हे उत्तर आवडलं की नाही, कुणास ठाऊक. निदान ते सिनेमातलं नव्हतं. तिनं चादरीची दोन टोकं त्याच्याकडे फेकली.

"धर."

त्यानं कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि धरली. दोघांनी ताणली. चादर फटकन वाजली. हात विसरत नाहीत. ते एकमेकांकडे चालत येणार, एवढ्यात दार ढकलून बायकांच्या वॉर्डची सिस्टर आत आली. ती रोज या वेळेला चादरी न्यायला यायची. ताईची आणि तिची ओळख जुनी, गप्पा रोजच्या.

"झाल्या का हो ताई आमच्या..." म्हणता म्हणता ती थबकली. "अय्या! सर, तुम्ही? काल मी होते शोला. काय सांगू! तुमच्या ताई गेल्या तेव्हा तर मला आवरेचना. आमच्या इथल्याच होत्या म्हणे त्या? याच धुलाईघरात?"

भावाच्या हातात दोन टोकं होती. दुसऱ्या दोन टोकांशी ताई उभी होती. तिनं त्याला सोडवलं नाही. काल त्यानं तिला असंच शोधलं होतं. आज ती समोर होती आणि मध्ये फक्त एक चादर होती. तिच्या मनगटांना त्याच्या बाजूचा ताण किंचित सैल झालेला कळला. तो चादर टाकणार, असं तिला वाटलं.

त्यानं घसा खाकरला.

"सिस्टर, ही माझी ताई."

"ही?" सिस्टरनं ताईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा ताईकडे. "म्हणजे... दुसरी बहीण का?"

"नाही. मला एकच आहे. हीच ती. सिनेमात आम्ही खोटं दाखवलंय."

सिस्टरचं तोंड उघडं ते उघडंच. ती बिचारी इतकी गोरीमोरी झाली, की ताईलाच तिची दया आली.

"अहो, एवढं काय त्यात," ताई म्हणाली. "बरी झाले मी. हॉस्पिटल आहे हे. माणसं बरी होतात कधी कधी."

सिस्टरला आधी हसू आलं, मग तिचे डोळे भरले, मग आपण नक्की काय करतोय तेच न कळून ती तयार चादरींचा गठ्ठा उचलून जवळजवळ पळालीच. आता दुपारपर्यंत हे सगळ्या हॉस्पिटलभर होणार. मावशीला फार बरं वाटणार.

"चल, पुढं ये," ताई म्हणाली.

दोघं एकमेकांकडे चालत आले. हात जुळले. त्याच्या बोटांची टोकं गार होती. ताईनं घडी हातात घेऊन पाहिली.

"शिक्का आत गेला."

"अजून?" तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

"अजून. उलगड. पुन्हा घाल."

पुन्हा घातली. मग दुसरी घातली, मग तिसरी. ती काही विचारत नव्हती, तोही काही सांगत नव्हता. त्याच्या खिशातला फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. चौथ्या चादरीला तिनंच त्याच्या हातातून टोकं काढून घेतली.

"जा. गाडी थांबली असेल. लोक वाट बघत असतील."

"संध्याकाळी पुढच्या गावात खेळ आहे," तो म्हणाला. "तिथंही विचारतील."

"विचारू दे."

त्यानं कोटाच्या बाह्या खाली ओढल्या. त्या वाफेनं दमट झाल्या होत्या. तो वाफेतून, फरशीवर जपून पाय टाकत, दारापर्यंत गेला. वळून बघितलं का, ते ताईला दिसलं नाही. तिची पाठ होती.

तिनं चादरीची दोन टोकं खुंटीत अडकवली, उरलेली दोन धरली आणि चादर ताठ होईपर्यंत मागं सरत गेली.