चार वावांवर तळ

(दोर अजून होडीत)

"परीक्षा घ्यायला आलीस," बाबा वल्हवता वल्हवता म्हणाले.

"मासे खायला आले."

"थापा. दादाने धाडलंय तुला. बाईसाहेब बघणार, संध्याकाळी त्याला फोन करणार, आणि उद्या होडी अंगणात पालथी. कोंबड्या बसतील तिच्यावर."

खरंच होतं. दादा म्हणतो, बाबांना दिसत नाही. बाबा म्हणतात, दादाला अक्कल नाही. मी दोघांची, म्हणून मी बघायचं. उन्हाळाभर ते आजारपणात घरात होते. आज पहिल्यांदाच पाण्यावर. तेही अशा वाऱ्यात, की तळ्यावर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

खूण अशी. धक्क्यावरून सरळ निघायचं. मागे किनाऱ्यावर पाण्याची टाकी, तिच्यामागे कारखान्याची चिमणी. चिमणी टाकीआड लपली की थांबायचं. खाली पाण्यातला उंचवटा, चार वावांवर तळ. मासे तिथेच. इतरत्र नुसती खोली.

सकाळी बसमधून उतरले तेव्हा चिमणीच्या जागी विटांचा ढीग होता.

मी बोलले नाही. मुद्दामच.

एक

"चिमणी दिसते का, बाबा?"

"न दिसायला काय झालं? इतका वेळ दिसत होती." त्यांनी डोळे बारीक केले. वाऱ्याने पाणी येत होतं डोळ्यांत, त्यांच्याही. "हं. लपली. सोड नांगर."

सोडला.

दोन, तीन

दोन हात पसरले की एक वाव. तेवढ्या अंतरावर दोराला गाठी आहेत, बाबांनी मारलेल्या, माझ्या जन्माआधी. माझ्या मुठीतून गाठ गेली की दोर थोडा अडखळतो. बाबा मान कलती करून ऐकत होते.

चार

बाबांनी हात पुढे केला आणि दोराला दोन बोटं लावली.

पाच

सहा

"सावकाश सोड."

"सावकाशच सोडतेय."

सात आठ

नऊ. दोर ताणला गेला. खाली नांगर नुसता लोंबत होता, आणि होडी आडवी होऊन वाहू लागली.

"संपला?"

"संपला."

एक लाट आत आली. बाबांच्या पायाशी मासे ठेवायची बादली होती, ती कलंडली. रिकामीच होती.

"चिमणी," ते म्हणाले.

"पाडली, बाबा. उन्हाळ्यात, म्हणे."

"तुला सकाळपासून ठाऊक?"

"हो."

"वा गं. बापालाच गळ लावलास." हसायचा प्रयत्न केला त्यांनी. "आणि मी आमिषासकट गिळला."

(दोर वर)

ओला दोर दोघांनी मिळून ओढला. मग गुडघ्यांवर सरकत आम्ही जागा बदलल्या. वल्ही माझ्याकडे आली. वल्हवणाऱ्याची पाठ असते जायच्या दिशेला. मला फक्त बाबा दिसत होते आणि त्यांच्यामागचं काळं पाणी.

"वारा धक्क्याकडूनच येतोय," ते म्हणाले. "माझ्या नाकावर लागला पाहिजे. मी सांगतो, तू ओढ. आता उजव्या गालावर आलाय. उजवं ओढ. अजून. बस्स. दोन्ही."

डोळे मिटून सांगत होते. आवाज जुना होता, मला पोहायला शिकवतानाचा.

"डावं थोडं. दोन्ही. अशीच ये, पोरी."

बरोबरच सांगत होते. हातांना कळत होतं ते. वाटलं, दादाला हे सांगावं. चिमणीचं नाही, हे.

तेवढ्यात लाट आडवी आदळली, मांडीवर पाणी उडालं आणि मी मान वळवून मागे पाहिलं.

धक्का होडीच्या अगदी नाकासमोर होता.

पुन्हा वळले तेव्हा बाबांचे डोळे उघडे होते, माझ्यावरच. होडी थोडी फिरली.

"बाबा, कुठलं ओढू?"

त्यांनी बादली सरळ केली, पायांमध्ये घट्ट धरली.

"तुला दिसतंय की," ते म्हणाले.