सात किलोंत मावेल तेवढं

परदेशी मुलाबाळांकडे निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना विमानातून सोबत करायची, हे बकुळा गमरेचं निवृत्तीनंतरचं काम. परळच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात छत्तीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर घरी बसली तेव्हा तिला वाटलं होतं, आता पोटभर झोपू. पण डिलाईल रोडची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता आणि तिच्या वाट्याला बाविसावा मजला आला होता. चाळीत दिवसा दार लावलं तर लोक विचारायचे, बरं नाही का. इथे दार उघडं ठेवलं तर वॉचमन वर येऊन विचारायचा, काही प्रॉब्लेम आहे का. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तीन महिने खिडकीतून खालचा रस्ता बघितल्यावर ती आपणहून दादरला, अशी सोबत पुरवणाऱ्या हितेंद्रच्या ऑफिसात गेली आणि नाव नोंदवून आली.

आता तिच्या सतरा फेऱ्या झाल्या होत्या. हितेंद्र तिलाच आधी फोन करायचा, कारण बकुळाताईंचा पेशंट कधी रडत उतरत नाही, असं तो म्हणायचा. त्यामागे काही जादू नव्हती. मोठ्या बॅगांत लोणची भरा नाहीतर पैठण्या, तिची हरकत नसे. पण हातातली सात किलोंची बॅग ती स्वतः भरायची, निघायच्या दोन दिवस आधी, त्या माणसाच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर. विमानात दहा तास त्या माणसाचं घर म्हणजे ती बॅग, एवढं तिला कळलं होतं.

अठराव्या फेरीचा कागद हितेंद्रने पुढे सरकवला तेव्हा तिने नाव दोनदा वाचलं. सुचित्रा विजयकर, वय चौऱ्याऐंशी, राहणार गिरगाव. लंडनला भाचीकडे. विसरभोळेपणा वाढलेला, एकट्या राहू शकत नाहीत. ओळखीच्या आहेत का, असं हितेंद्रने विचारलं. आमच्या मेट्रन होत्या, एवढंच ती म्हणाली.

तेरा वर्षं बकुळाने त्यांच्या हाताखाली काढली होती. कडक बाई. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर एक चिमटा तिरका दिसला तर सगळी ट्रॉली पुन्हा मांडायला लावायच्या. पण बकुळाच्या मनात रुतून बसलं होतं ते वेगळंच. तिशीत असताना ती सर्व्हिस बुकाच्या कामासाठी ऑफिसात गेली होती आणि कारकुनाच्या टेबलावर तिचाच गोपनीय अहवाल उघडा पडलेला तिने वाचला होता. मेट्रनच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘एकटीने काम करण्यास योग्य. सोबतीची गरज भासत नाही.’ त्यानंतर सहा महिन्यांत तिची बदली संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात झाली. तिथे नातेवाईकांना मज्जाव, बाकीच्या नर्सही डबा खायला तिथल्या बाईशेजारी बसायला कचरायच्या. बकुळा तिथे अकरा वर्षं राहिली. त्या वाक्याचा तिला राग यायचा, आणि आधारही वाटायचा. कोणीतरी आपल्याला नीट पारखलं आहे, आपण अशाच आहोत, असं ती मानून चालली. नवरा गेल्यावर नणंद शांती विरारला ये म्हणून हात धरून बसली होती, तेव्हाही ती म्हणाली होती, मला एकटीला जमतं.

गिरगावातल्या त्या जुन्या इमारतीत ती सकाळी दहाला पोचली. दार उघडणारी मनवा ही दिवसभर सांभाळणारी मुलगी होती. मेट्रन खुर्चीत बसल्या होत्या, पाठीला पोक आलेलं, पण केस तसेच घट्ट विंचरलेले. बकुळाने वाकून नमस्कार केला आणि नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. ओळखल्याची एकही खूण चेहऱ्यावर उमटली नाही.

पलंगावर भाचीने कुरियरने पाठवलेलं खोकं होतं. अपूर्वा तिचं नाव, आणि ती व्हिडिओ कॉलवर हजरच होती. एकेक वस्तू बाहेर निघाली तशी ती समजावून सांगायला लागली. मानेभोवती घालायची फोमची उशी, आजूबाजूचा आवाज बंद करणारे मोठे हेडफोन, फुगवायचं पायटेकण, डोळ्यांना शेक देणारा पट्टा, केवढी तरी मोठी पॉवर बँक. प्रत्येक वस्तूचे दीड-दोनशे अभिप्राय वाचून घेतलंय, असं ती म्हणाली. ती बोलता बोलता सारखी मावशीकडे बघत होती आणि मावशी खिडकीकडे बघत होती. चार वर्षांत यायला जमलं नाही, असं ती मधेच म्हणून गेली. जमलं नाही ते सगळं या खोक्यात भरून आलं होतं.

तरी बॅग म्हणजे बॅग. पलंगावर पांढरी चादर अंथरून बकुळाने दोन बाजू केल्या. मानेची उशी नको, पोक असलेल्या माणसाची मान ती आणखी पुढे ढकलते, त्यापेक्षा गुंडाळलेला टॉवेल बरा. कानात श्रवणयंत्र आहे, त्यावर हेडफोन घातले की शिट्टी वाजते. पायटेकण फुगवलं तर पुढच्या माणसाशी भांडण आणि उठताना पडायची भीती. पॉवर बँक विमान कंपनीच्या मर्यादेबाहेरची, ती गेटवरच काढून घेतील. लहान घ्यायची, आणि तीही हातातल्याच बॅगेत, सामानात टाकायची नाही. शेक देणारा पट्टा तिने नुसता बाजूला ठेवला. अपूर्वाचा चेहरा पडला तशी तिने खोक्यातले पायांवर घट्ट बसणारे मोजे उचलले आणि म्हणाली, हे मात्र तुम्ही फार चांगले पाठवलेत, यांच्यावाचून पाय सुजले असते. बॅग कुठे आहे ते फोनवर दाखवणारा चपटा ट्रॅकरही तिने घेतला. अपूर्वा थोडी हसली.

मग तिने आपल्या पद्धतीने मांडायला घेतलं. औषधं मूळ पाकिटांत, चिठ्ठीसकट, दोन दिवसांची जास्त. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या. कपड्यांचा एक पूर्ण जोड, दोन डायपर, ओले रुमाल. ओठांना लावायचं तूप छोट्या डबीत. घरातली वापरलेली शाल, धुतलेली नको, कारण परक्या जागी ओळखीचा वास लागतो. रिकामी बाटली, पाणी तपासणीनंतर भरायचं. नाव-पत्ता-फोन लिहिलेलं कार्ड. सगळं चादरीवर ओळीने लागलं तेव्हा मेट्रन खुर्चीतून उठल्या. मनवा पुढे धावली, पण त्यांनी तिला हाताने थांबवलं. त्या पलंगापाशी आल्या आणि पहिल्या वस्तूपासून शेवटच्यापर्यंत बोट टेकवत गेल्या. बकुळा नकळत हात मागे बांधून ताठ उभी राहिली.

“कात्री कुठाय?” मेट्रननी विचारलं.

“विमानात कात्री चालत नाही, मॅडम.”

“कात्रीशिवाय सिस्टर कामावर कशी जाईल?” त्या शांतपणे म्हणाल्या, आणि मोज्यांची जोडी उचलून सरळ ठेवली.

निघायच्या दिवशी विमान रात्री उशिराचं होतं. टॅक्सी गिरगावातून निघाली तेव्हा मेट्रननी मागे वळून बघितलं नाही. कुठे चाललोय हे त्यांना त्या क्षणी ठाऊक होतं की नाही, सांगता येणार नाही. विमानतळावर व्हीलचेअर, पासपोर्ट, सगळं सुरळीत झालं. तपासणीच्या पडद्याआड मात्र खोळंबा झाला. तिथल्या बाईने बकुळाला आत बोलावलं. मेट्रनच्या परकराच्या नेफ्यात बँडेज कापायची लांब कात्री खोचलेली निघाली. कडीवर झिजलेल्या अक्षरात एस. व्ही. कोरलेलं होतं.

बकुळाने विनवून बघितलं. सामान केव्हाच आत गेलं होतं, परत बाहेर जाऊन कोणाकडे कात्री द्यावी तर सोडायला आलेली मनवा निघून गेलेली. तपासणीवाली बाई वाईट नव्हती, पण नियम नियमच. कात्री प्लास्टिकच्या डब्यात पडली, कुणाच्या लायटरवर आणि कुणाच्या पेचकसावर. मेट्रन रडल्या नाहीत. त्या व्हीलचेअरमध्ये कमरेवर हात दाबून बसल्या आणि विमानात बसेपर्यंत तो हात त्यांनी काढला नाही. आपण त्या दिवशी नुसतं ‘चालत नाही’ म्हणून मोकळ्या झालो, ती मोठ्या बॅगेत ठेवूया असं म्हणालो नाही, हे बकुळाला फार लागलं. सतरा फेऱ्यांत असं झालं नव्हतं.

विमान वर गेलं, जेवणं झाली, खिडक्यांची झापडं खाली ओढली गेली. बकुळाने टॉवेलची वळकटी मेट्रनच्या मानेखाली सारली, शाल घातली, श्रवणयंत्राचा आवाज जरा कमी केला. त्या झोपल्या नाहीत. थोड्या वेळाने आपणहूनच बोलायला लागल्या, आणि बकुळा चकित झाली, कारण जुनं सगळं त्यांच्यापाशी शाबूत होतं. नऊ नंबरच्या वॉर्डात राहणारं लंगडं मांजर, ऑपरेशन थिएटरच्या दाराला टेकून जप करणारे सर्जन, फर्नांडिस सिस्टरने पळून जाऊन केलेलं लग्न, पावसाळ्यात गळणारी लिननची खोली. नावामागून नावं येत होती. बकुळा आपल्या नावाची वाट बघत होती. ते आलं नाही.

शेवटी तिने विचारलं, “मॅडम, गमरे आठवते का? बकुळा गमरे?”

“कुठला वॉर्ड?”

“तेवीस. संसर्गजन्य.”

मेट्रननी बराच विचार केला. “तिथे कोणी टिकत नसे.”

“गमरे टिकली. अकरा वर्षं.”

“मग चांगली असणार.”

बकुळा आणखी जवळ सरकली. एकतीस वर्षं जे कोणाला विचारलं नव्हतं ते ती विमानाच्या घरघराटात, श्रवणयंत्राजवळ तोंड नेऊन विचारत होती. “तिच्या अहवालात तुम्ही लिहिलं होतंत, एकटीने काम करण्यास योग्य. सोबतीची गरज भासत नाही. असं का लिहिलंत?”

मेट्रनच्या चेहऱ्यावर एकदम हुशारी आली, एखादी साधी गोष्ट नव्या मुलीला सांगताना यायची तशी.

“अगं, ते मी सगळ्याच चांगल्या मुलींना लिहायची. दोन ओळींचा रकाना असायचा. रिकामा ठेवला की हेडक्लार्क फॉर्म परत पाठवायचा. चुकार असतील त्यांना ‘मार्गदर्शनाची गरज’, आणि चांगल्या असतील त्यांना हे. शंभर-शंभर फॉर्म भरायचे, प्रत्येकीला वेगळं कुठून आणणार?”

एवढं बोलून त्या दमल्या. डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि शेजारच्या बाईकडे कौतुकाने बघत त्यांनी विचारलं, “तू कुठल्या वॉर्डात आहेस?”

“मी सुट्टीवर आहे,” बकुळा म्हणाली.

त्यानंतर मेट्रन झोपल्या. बकुळा जागी राहिली. तिला रडू आलं नाही, कोणाचा रागही आला नाही. नुसतं पोकळ वाटत होतं. पारखलं कोणी नव्हतंच. एक रकाना भरायचा होता आणि तो भरला गेला होता. विरारला नणंदेकडे जी खोली तिच्यासाठी रिकामी केली होती, तिच्यात आता नणंदेचा मुलगा-सून राहत होते. शांतीचा फोन पूर्वी रविवारी यायचा, मग सणासुदीला, आणि गेल्या वर्षी तर दिवाळीलाही आला नव्हता. तिने स्वतः केला असता तर चाललं असतं, हे तिला आज पहिल्यांदा सुचलं. पुढच्या पडद्यावर विमानाचं चित्र काळ्या समुद्रावरून मुंगीच्या गतीने सरकत होतं.

लंडनला अपूर्वा विमानतळाच्या दारातच उभी होती. ती मावशीच्या गळ्यात पडली तेव्हा मेट्रन अवघडून उभ्या राहिल्या, पण हात सोडवून घेतला नाही. बकुळाने बॅग दिली, औषधांच्या वेळा सांगितल्या, मोजे रात्री काढायचे हे सांगितलं आणि कात्रीचंही सांगितलं. अपूर्वाला कात्रीचं काही कळलं नाही. दुसरी घेऊ, असं ती म्हणाली. गाडीच्या पार्किंगची वेळ संपत आली होती. तुम्ही काही खाल्लंत का, असं तिने जाता जाता विचारलं आणि उत्तर यायच्या आत व्हीलचेअर वळली.

परतीच्या विमानाला बराच अवकाश होता. बकुळा एका बाकावर बसून राहिली. तिच्या स्वतःच्या पिशवीत टूथब्रश, एक कुर्ता, फोनचा चार्जर आणि चिवड्याचं अर्धं पाकीट होतं. दुसऱ्यांसाठी इतका विचार करणारी बाई स्वतःसाठी साधी शालही आणत नसे. तिथे थंडी वाजली. तिने शांतीचा नंबर काढला, मुंबईत किती वाजले असतील याचा हिशेब केला आणि फोन लावला. पलीकडे शांतीच्या सुनेने उचलला. सासूबाई देवळात गेल्यात, असं ती म्हणाली, कोण बोलतंय विचारलं, आणि निरोप सांगते म्हणाली. बकुळा फोन हातात घेऊन बसली. तो वाजला नाही. विमानात चढताना तिने तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डिलाईल रोडला उतरली तेव्हा लिफ्टमध्ये चौदाव्या मजल्यावरची तेजस्वी होती, हातात भाजीची पिशवी घेऊन. गावाला गेला होता का काकू, असं तिने सहज विचारलं. एरवी बकुळा मान हलवून मोकळी झाली असती.

“लंडनला गेले होते,” ती म्हणाली. “आमच्या मेट्रन होत्या पूर्वी, त्यांना सोडायला. फार कडक बाई. पण आता त्यांना काही...”

लिफ्ट थांबली. तेजस्वी “अरे वा” म्हणाली, छान हसली आणि बाहेर पडली. बकुळा बोलत होती तेवढ्यात दार लागलं. बाविसाव्यावर तिने कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या आणि तीन दिवस बंद असलेल्या घरात पंखा लावून, चपला न काढता खुर्चीवर बसली.