चर्चच्या पायरीवर काढलेले बूट

१९८६ सालचा जून महिना, रविवार, सकाळचे दहा. इटलीतल्या एका खेड्यात उल्हासकाका चर्चमधून बाहेर आले, तेव्हा पायरीवर काढलेला त्यांचा बुटांचा जोड नव्हता. मित्रांनो, तो जोड म्हणजे मी. वयाने फार जुना नाही, पण टाच झिजली आहे. सध्या न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या त्यांच्या गॅरेजमध्ये असतो.

माझा जन्म मेन राज्यातल्या एका कारखान्यात झाला. जाड कातडं, रबरी तळ, दुहेरी शिवण. उल्हासकाकांना मधुमेह आहे, पायाची जखम लवकर भरत नाही. दुकानात त्यांनी आतून बोटं फिरवून मला तपासलं, मगच घेतलं.

त्यांची मुलगी दीपा कॉलेजात होती. तिला मेडिकलऐवजी इतिहास शिकायचा होता, आणि सिएनाहून रोमला जाणारी यात्रेकरूंची जुनी वाट पायी चालायची होती.

"एकटी नाही जायचं, मी येतो," काका म्हणाले. "दोघं रोमपर्यंत चालत पोचलो, तर मेडिकलचा विषय पुन्हा काढणार नाही."

"डील, बाबा?"

"डील."

काका संध्याकाळी रस्त्याच्या कडेने चालण्याचा सराव करू लागले. आमच्याकडे असं कोणी चालत नाही. त्यांचे मित्र नंदू गाडीची काच खाली करून विचारत, "काय उल्हास, गाडी बंद पडली? की पोपने बोलावणं धाडलंय?"

"मागे हॉर्न वाजतोय यार, जा तू."

इटलीतली वाट पांढऱ्या मातीची, गव्हाच्या शेतांमधून जाणारी होती. चढ पुष्कळ, सावली कमी. मुक्कामाला पोचल्यावर काका माझ्यातले खडे झटकत आणि कागद कोंबून मला सुकवत. दीपा पुढे जाऊन वळणावर थांबायची.

"बाबा, यू ओके?"

"मी ओके. बूट तर फर्स्ट क्लास."

एवढं कौतुक मला पुरे होतं.

मग तो रविवार आला. काकांनी मला पायरीवर काढलं.

"बाबा, इथे कोणी शूज काढत नाही!"

"देवाच्या दारात बूट घालून मी जाणार नाही. तू जा हवं तर."

पायरीवर गरिबांसाठी दिलेल्या जुन्या कपड्यांच्या पिशव्या होत्या. स्वयंसेवकांनी त्या गाडीत भरल्या आणि त्यांच्याबरोबर मलाही उचललं.

पुढचं मला बापलेकीच्या बोलण्यातून कळलं. दुकानं बंद होती. चर्चची व्यवस्था बघणाऱ्या एका बाईंनी चौकशी सुरू केली, पण काका थांबले नाहीत. रबरी चपला घालून निघाले.

"थांबू या ना," दीपा म्हणाली. "मला असं नाही पोचायचं रोमला."

"डील म्हणजे डील."

टाचेला फोड आला आणि चिघळला. पुढच्या गावच्या डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं. त्याच संध्याकाळी चर्चच्या बाई मला घेऊन हजर झाल्या. रोम अजून लांब होतं. मी प्लॅस्टिकच्या पिशवीतून विमानाने परत आलो.

काकांची जखम आता भरली आहे. माझ्या शिवणीत ती पांढरी माती तशीच आहे आणि कातडं कडक झालं आहे. मित्रांनो, दमून आलेले बूट पुसून, तेल लावून ठेवत जा. आणि पाय दुखावला, तर आधी पाय सांभाळा.

दोघं रोमला पोचले नाहीत. मग ते डील मोडलं की टिकलं, यावर घरात कोणी बोललेलं नाही. आज सकाळी दीपा पुढचे विषय, मेडिकलचे की इतिहासाचे, नोंदवायला कॉलेजात निघाली. गॅरेजमध्ये गाडीचं दार उघडून ती उभी राहिली.

"बाबा, से समथिंग."

काकांनी पुढचा टायर दाबून पाहिला. मग म्हणाले, "सावकाश ड्राइव्ह कर."

आता संध्याकाळ झाली आहे. दीपा अजून परतलेली नाही.