एका गाठीचा एक तास

मित्रांनो, मी एक जुना दोरा आहे. हसू नका! शहरं एकमेकांपासून किती लांब आहेत, ते मी शेकडो माणसांना मोजून दाखवलं आहे.

विमानाची तिकिटं विकणाऱ्या एका काकांनी मला शेजारच्या शिंप्याकडून मागून आणलं. त्यांच्या टेबलावर पृथ्वीचा गोल होता. विमान तासाभरात जेवढं जातं, तेवढं अंतर गोलावर मोजून त्यांनी मला पंधरा गाठी मारल्या. कुणी विचारलं, "किती लांब हो?" की काका मला दोन शहरांमध्ये ताणून धरत. "मोजा गाठी. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" लोक खूश होत आणि मी फुशारून जाई.

पुढे संगणक आला. काका थकून घरी बसले, दुकान त्यांच्या मुलीकडे गेलं. मी खणात, पिना आणि वाळलेल्या पेनांच्या संगतीला पडलो. मला कुणी विचारेना. फार वाईट वाटायचं.

एका दुपारी एक आजी आल्या. जन्मभर शिवणकाम केलेल्या. परदेशातल्या धाकट्या बहिणीचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि दोघींची बावीस वर्षांत भेट नव्हती. मुलीने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. आजींनी चष्मा सावरला.

"जाताना सकाळी नऊ ते दुपारी साडेबारा, म्हणजे साडेतीन तास. आणि येताना सकाळी नऊ ते रात्री साडेअकरा? साडेचौदा तास? अगं, यायचा रस्ता वेगळा आहे का?"

"नाही हो आजी. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. अंतर साडेसात हजार किलोमीटर. जाताना नऊ तास, येतानाही नऊच."

"मला नाही बाई पटत. राहू दे." आजी पिशवी उचलून उठल्या.

मला काळीज नाही, तरी धस्स झालं. तेवढ्यात मुलीला काय आठवलं कोण जाणे, तिने खण उघडला आणि धूळ झटकून मला गोलावर ताणलं. आजींनी बोट ठेवत गाठी मोजल्या. नऊ. मग उलट्या मोजल्या. नऊच!

"असं सांग की मग! दोऱ्यातलं मला कळतं." तिकीट निघालं आणि आजींनी मलाही मागून घेतलं.

विमानात दर तासाला त्या माझी एक गाठ सोडत.

"काय करताय, आजी?" शेजारच्या प्रवाशाने विचारलं.

"धाकटीला जवळ आणतेय."

माझी जन्माची कमाई सुटत होती, पण खरं सांगतो, मला आनंदच झाला. मित्रांनो, मोठ्यांनी तेच पुन्हा विचारलं तर वैतागू नका. त्यांना कळेल अशा वस्तूने दाखवा. ती अडगळीत असेल, तर धूळ झटकून बाहेर काढा.

नववी गाठ मात्र हट्टी निघाली. विमान उतरलं तरी सुटेना. बाहेर धाकटी काठी टेकून उभी होती. आजींनी मला तिच्यापुढे धरलं.

"आपल्या दोघींमधली एवढी एकच राहिली बघ."

धाकटीने काठी बहिणीच्या हातात दिली, मला दातात धरलं आणि गाठ सोडवली.