घोंगडीतला गारवा

'घोंगडीत उष्णता नसते. उष्णता असते ती पापात.'

श्री शीतलानंद महाराजांचं हे वचन खारवाडीच्या किनाऱ्यावर, मांडवाच्या तोंडाशी, दोन पुरुष उंचीच्या फ्लेक्सवर झळकत होतं. फ्लेक्स स्वतः बराच पापी असावा. मे महिन्याच्या उन्हात तिसऱ्याच दिवशी त्याच्या कडा वळल्या आणि महाराजांचा चेहरा करपल्यासारखा दिसू लागला.

खरे महाराज मात्र आत टवटवीत होते. मांडव पत्र्याचा. समुद्राचा वारा ध्यानात व्यत्यय आणतो म्हणून तो तिन्ही बाजूंनी जाड कापडाने बंद केलेला. पंचवीस पावलांवर दर्या, आणि आत दीडशे माणसं एकमेकांचा श्वास परत परत घेत बसलेली. मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी रुमाल पिळत होते. बायकांचे पदर ओले होऊन पाठीला चिकटले होते. आणि समोर चौरंगावर, गळ्यापासून पायापर्यंत घाटावरच्या दोन काळ्या घोंगड्या पांघरून महाराज बसले होते. कपाळावर घामाचा टिपूस नाही. हात पुढे करत, आणि ज्याला स्पर्श होई तो दचकून मागे सरे.

"बर्फासारखो थंडगार गो," बाया एकमेकींना सांगत.

उपमा शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. मासेमारीचं गाव. बर्फ सगळ्यांच्याच परिचयाचा.

दर तासाला महाराज पडद्यामागे जाऊन सूक्ष्म देहाने हिमालयात जात. पाच-सात मिनिटांत परत येत. अर्थातच आणखी थंड होऊन.

सुदेश हे सगळं मांडवाच्या दाराशी उभा राहून पाही. तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. सकाळी महाराजांचा एक शिष्य टेम्पो घेऊन येई आणि एक लादी फोडून मागून घेई. भक्तांच्या कोकम सरबतासाठी, असं तो सांगे. बर्फ मात्र चपट्या, तळहाताएवढ्या पिशव्यांत भरून हवा असे. सुदेश तशा पिशव्या भरी, जाळ्याच्या दोऱ्याने त्यांची तोंडं बांधी आणि उन्हात वितळू नयेत म्हणून सगळं गोणपाटात गुंडाळून देई. सरबत त्याला कधी मिळालं नाही. पण मोठ्या ठिकाणी असं चालायचंच, असं त्याला वाटलं.

त्याची काळजी वेगळी होती. मांडवात पहिल्या रांगेत त्याचा बाप बसला होता, घोंगडी पांघरून.

गंगाराम तांडेल एकाहत्तर वर्षांचा. बावीस वर्षांपूर्वी त्याच्या होडीवरून सत्यवान नावाचा खलाशी वादळात गेला होता. हवा बिघडणार हे ठाऊक असून गंगारामने होडी काढली होती. त्याबद्दल त्याला कुणी कधी बोललं नाही. तो स्वतःही बोलला नाही. फक्त सत्यवानाच्या घरावरून जायची वाट त्याने तेवढी सोडली होती.

महाराजांना अशी माणसं लगेच कळतात.

"शरीर म्हणजे भट्टी," महाराज समजावत. "भट्टीवर झाकण ठेवा, काय होईल? जाळ विझेल. हे फॉरेनच्या सायंटिस्टांना आज कळतंय, आपल्या ऋषींना तेव्हाच कळलं होतं. घोंगडी हे झाकण. आधी घाम येईल. तो घाम नव्हे, पाप वाहतंय. येऊ द्या. पाणी पिऊन पाप पातळ करू नका. आणि ज्या दिवशी घाम थांबेल, त्या दिवशी समजा, पाप संपलं."

म्हणून अकरा दिवसांचं व्रत. रोज अकरा ते दोन, घोंगडी, निर्जळी, आणि औषधं बंद. गंगाराम रक्तदाबाच्या गोळ्या घेई. त्या त्याने महाराजांच्या पायाशी ठेवल्या.

सुदेशची बायको शर्मिला पहिल्याच दिवसापासून मागे लागली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. आपल्याला घरात पंख्याखाली अंगावर पातळ साडी नकोशी होते, आणि हा म्हातारा लोकरीत बसतो.

"बाबा मरतले," ती म्हणाली. "तुमी त्यांका उठवून घरी हाडा."

"अकरा दिवसांचो तर प्रश्न आसा," सुदेश म्हणाला. "संपता. आणि माका सांग, म्हाराज तर दोन घोंगडयेत बसतत, त्यांका काय होता?"

याचं उत्तर रोज सकाळी सुदेशच्याच हातून जात होतं.

नवव्या दिवशी हवा पडली. झाडाचं पान हलेना, आणि दुपारी एकच्या सुमारास गंगारामचा घाम थांबला.

महाराजांच्या ते आधी लक्षात आलं. त्यांनी हात उंचावला. गंगाराम तांडेल मुक्त झाले, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. शेजारची सुगंधा, जी मासळी विकायला रोज बाजारात बसते, ती उठून गंगारामच्या पाया पडली. मग तिच्यामागे रांगच लागली. गंगाराम त्यांच्याकडे बघत नव्हता. गर्दीतून पुढे आलेल्या सुदेशचा हात त्याने धरला.

"सत्यवाना," तो म्हणाला, "दोर सोडू नको रे."

मांडव गहिवरला. म्हाताऱ्याला सत्यवान भेटला, असं लोकांनी एकमेकांना सांगितलं. सुदेशला मात्र तो हात कळला. कोरडा, आणि कारखान्यातल्या इंजिनासारखा तापलेला.

त्याने घोंगडी ओढून काढली. दोन शिष्य आडवे आले, मुक्तीत विघ्न नको म्हणून. सुदेशच्या मागोमाग आलेल्या शर्मिलाने त्यातल्या एकाला असं ढकललं की तो सरबताच्या रिकाम्या पिंपावर जाऊन आदळला. नवराबायकोने गंगारामला बाहेर उभ्या असलेल्या कारखान्याच्या टेम्पोत घातलं, बर्फाच्या चुऱ्यावर निजवलं आणि आरोग्य केंद्र गाठलं.

तिथली डॉक्टर डेलिशा शाळेत सुदेशच्याच वर्गात होती. तिने थर्मामीटर पाहिला. एकशे सात. कपडे कापले, अंगावर पाणी मारलं, दोन पंखे लावले, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवला, सलाइन सुरू केलं आणि जिल्ह्याला न्यायला गाडी बोलावली. गाडी येईपर्यंत सुदेश दाराशी उभा होता. घाम थांबला म्हणजे पाप संपलं ना, असं त्याने विचारलं. विचारताना त्यालाच ते ऐकू आलं.

"घाम थांबलो म्हणजे अंग हरला," डेलिशा म्हणाली. "अंग आतून सारख्या तापता. घाम सुकलो तरच ता निवता. आपल्याकडे हवेतच पाणी, घाम सुकता सुकणा नाय. म्हणान वारो व्हयो, पातळ कापड व्हया, पिऊक पाणी व्हया. तुमी म्हाताऱ्याक पत्र्याखाली बसयलात, वारो बंद केलात, पाणी बंद केलात, आणि वर लोकर."

"पण म्हाराज..." सुदेश म्हणाला. "ते पण लोकरीतच बसतत. हात थंड लागता, मी स्वता बघलंय."

डेलिशाने सलाइनचा वेग वाढवला.

"कारखान्यातसून बर्फ धाडतंस, तो वाटेत इतळू नये म्हणान काय करतंस?"

"गोणपाटात गुंडाळतंय."

"गोणपाट गरम की थंड?"

"थंड," सुदेश म्हणाला.

"काय नसता ता," डेलिशा म्हणाली. "आतली ऊब बाहेर सोडणा नाय, बाहेरची आत घेणा नाय. आत माणूस आसलो तर माणूस तापता. आत बर्फ आसलो तर बर्फ टिकता. त्या फ्लेक्सवरचा पयला वाक्य खरा आसा."

जिल्ह्याची गाडी आली. शर्मिला सासऱ्याबरोबर गाडीत बसली. सुदेशने मागून येतो म्हणून सांगितलं आणि टेम्पो मांडवाकडे वळवला.

तिथे गंगारामच्या मुक्तीवर प्रवचन चालू होतं. सुदेश मधल्या वाटेने पुढे गेला, पाया पडायला वाकला, आणि त्याने दोन्ही घोंगड्यांचं टोक धरून एकदम ओढलं.

महाराजांच्या अंगावर कप्प्याकप्प्यांची बंडी होती. कप्प्यांतून चपट्या पिशव्या डोकावत होत्या. चार खाली पडल्या. एक फुटली आणि बर्फाचं पाणी चौरंगावरून भक्तांच्या दिशेने वाहत आलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने सवयीने ते डोळ्यांना लावलं.

सुदेशने एक पिशवी उचलली. तोंडावरची गाठ डाव्या अंगठ्याखालून वेढा घेऊन मारलेली होती. गंगारामने ती त्याला लहानपणी शिकवली होती. खारवाडीत तशी गाठ दोघंच मारत, आणि त्यातला एक आता जिल्ह्याच्या वाटेवर होता.

"हे साधनेचं साधन आहे," महाराज म्हणाले. "अज्ञानी माणसाला यात बर्फ दिसतो."

सुगंधा पुढे आली. आयुष्यभर टोपलीतल्या मासळीवर बर्फ आणि बर्फावर गोणपाट घालत आलेली बाई. तिने पिशवी हातात घेऊन दाबून पाहिली.

"आमचोच आसा," ती म्हणाली. "बंदरावरचो."

पोलिस आले. महाराज गेले, काचा वर केलेल्या, एसी लावलेल्या गाडीतून. दोन दिवसांत वाडीत तीन मतं झाली. महाराज ढोंगी होते. महाराज खरे होते, शिष्य ढोंगी होते. आणि गंगारामची श्रद्धा नवव्या दिवशी कमी पडली.

डेलिशाने आरोग्य केंद्राच्या दारावर एक कागद चिकटवला. त्यावर तिने लिहिलं होतं: 'अंग तापलं, घाम थांबला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो मुक्त झालेला नाही. त्याला सावलीत न्या, कपडे काढा, पाणी मारा, वारा घाला आणि इथे आणा. उशीर करू नका.' यात गूढ काही नाही. ज्याने उन्हात ओला पंचा पाठीवर टाकलाय, भर दुपारी वाऱ्याच्या बाजूला सरकून बसलाय, त्या प्रत्येकाला हे अंगाने ठाऊक आहे. कुणी चौरंगावरून उलटं सांगू लागला, तर तो काय बोलतो ते मागाहून ऐकावं. आपण स्वतः रोज काय करतो, ते आधी आठवावं. एवढं केलं तरी पुरे आहे.

गंगाराम तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

गंगारामची मुलगी मुंबईहून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होती, तोवर देह घरी ठेवायचा होता. सुदेशने स्वतः कारखान्यातून चार लाद्या आणल्या. ओटीवर बापाला बर्फावर ठेवलं. वाडी जमली होती. मांडवात होते तेच सगळे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. उन्हं चढली तशी लाद्यांखालून पाण्याची धार लागली.

सुगंधा उठली. खुंटीवर गंगारामची व्रताची घोंगडी होती, ती तिने काढली.

"ही वरसून घाला," ती म्हणाली. "नायतर सांजेपर्यंत बर्फाचा पाणी जातला."

कुणी का म्हणून विचारलं नाही. दोघा-तिघांनी उठून घोंगडी चारी बाजूंनी नीट खोचली. कडा उघड्या राहू देऊ नका, तिथून बर्फ जातो, असं एकाने सांगितलं.

मुलगी दुसऱ्या दिवशी दहा वाजता आली. तोपर्यंत बर्फ टिकला.