डाव्या पायाचं सहावं नख

घाबरट म्हणून ती कुणालाच माहीत नव्हती. सुई हातात धरून परक्या माणसाच्या अंगावर जन्मभराचं चित्र गोंदायचं म्हणजे घाबरून चालेल कसं? पण त्या संध्याकाळी जेवताना नवरा सहज काहीतरी बोलून गेला आणि तिचा घास हातातच राहिला.

नवरा गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रकार. नव्या गेममध्ये एक प्राणी होता, तोंड मांजराचं आणि अंग घोरपडीचं. गेम येईपर्यंत तो बाहेरच्या कुणालाही दिसता कामा नये, अशी सक्त ताकीद होती. मागच्या गेमची चित्रं आधीच फुटली होती ना, तेव्हापासून साहेबांनी धसकाच घेतला होता. या खेपेला त्यांनी काय करावं, तर प्रत्येक चित्रकाराच्या प्रतीत एक बारीकसा फरक करून ठेवला. चित्र फुटलं की कुणाच्या हातून फुटलं ते लगेच कळणार. आज मीटिंगमध्ये हे सांगितलं, तर सगळे आपापल्या प्रतीत डोकं खुपसून बसले, असं नवरा हसत हसत सांगत होता.

"माझ्या प्रतीत डाव्या मागच्या पायाला सहा नखं आहेत," तो म्हणाला. "इतके दिवस डोळ्यासमोर आहे, पण मला पत्ताच नाही."

पत्ता तिला होता. ती सहाही नखं तिने आदल्याच दिवशी एका माणसाच्या पोटरीवर गोंदली होती, जिभेचं टोक दातात धरून, एकेक करून.

झालं होतं ते असं. पोहायला शिकवणारा एक कोच तिच्याकडे आला होता. माणूस दिलखुलास, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. त्याला त्याच्या आवडत्या गेममधला राक्षस हवा होता. तिने साफ नाही म्हटलं. मागच्या गल्लीतल्या टॅटूवाल्याला अशाच एका चित्रापायी नोटीस आली होती आणि बिचारा आठवडाभर धड जेवला नव्हता. ज्याचं चित्र त्याचा हक्क, हे तिने तेव्हापासून मनाशी पक्कं धरलं होतं. मग कोच म्हणाला, कुणाकडेच नसेल असं काहीतरी काढ. आणि घरी टेबलावर, नवऱ्याने कामाला आणलेल्या कागदांत, तो प्राणी पडलेला. तिला वाटलं, चित्र नवऱ्याचं, नवरा आपला, म्हणजे चित्रही आपलंच. एवढी शहाणी बाई, पण हिशेब असा. पोटरी नीट बरी झाली की नवऱ्याला दाखवून चकित करायचं, असंही मनात होतं.

आता कसलं चकित करतेय. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हीच नोकरी लागण्याआधी नवरा किती तरी महिने घरी बसून होता. शेवटी शेवटी तर त्याने पेन्सिलही हातात धरायचं सोडलं होतं. ऑफिसात सगळे ज्यांना काका म्हणतात, त्या म्हाताऱ्या चित्रकाराने शब्द टाकला म्हणून तो तिथे चिकटला. ही नोकरी गेली तर तो पुन्हा उठायचा नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. सगळं सांगून टाकायला तिने सकाळी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा, चहा घेतोस का, एवढंच विचारलं.

तो बाहेर पडताच तिने कोचला फोन लावला. पायाचं काम थोडं राहिलंय, ते पुरं होईपर्यंत फोटो कुठेही टाकू नकोस आणि टाकशील तेव्हा माझं नाव घालू नकोस, सध्या गिऱ्हाईक आवरत नाही, असं धडधडीत खोटं सांगितलं. तो भोळा माणूस हो म्हणाला. पण ताज्या कामावर परत सुई चालत नाही. जखम भरायला हवी, खपली पडायला हवी. म्हणजे तोवर जीव टांगणीला.

ते दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. फोन वाजला की आधी नाव बघायचं, मगच उचलायचा. समोर कुणीही बसलं की त्याच्या हातापायाची बोटं मोजायची. एकदा कोट घातलेले एक गृहस्थ चामडी बॅग घेऊन दुकानात शिरले, भिंतीवरची सगळी चित्रं नाकाला चष्मा लावून निरखली आणि विचारलं, हे सगळं तुम्हीच काढता का? तिला वाटलं, आला कंपनीचा वकील. चूक झाली, असं अगदी ओठावर आलं होतं. गृहस्थांना मनगटावर मुलीचं नाव काढून हवं होतं.

अखेर कोच आला. तिने चित्र पुन्हा नीट पाहिलं. पुढच्या दोन्ही पंजांना पाच पाच नखं होती, मागचा उजवा पाय शेपटीआड दडलेला. म्हणजे खरी पाच, जास्तीचं सहावं. तिने पायाशी गवत काढलं आणि ते सहावं नख एका पात्यात असं बेमालूम मिसळून टाकलं की कुणी भिंग लावलं असतं तरी सापडलं नसतं. मग तिचा जीव भांड्यात पडला. कोचला कुठला दम निघायला, त्याने त्याच संध्याकाळी फोटो टाकला.

आणि मग एका दुपारी नवरा अवेळी घरी आला. चेहरा पांढराफटक. बूटही न काढता खुर्चीत बसला. प्राणी फुटला, म्हणाला. कुणाच्या तरी पोटरीवर गोंदलेला फोटो चार ठिकाणी फिरत फिरत ऑफिसात पोचला होता. पोटरी कुणाची ते कळायचं होतं, पण साहेबांनी नखं मोजली होती.

"किती?" तिने विचारलं.

"पाच."

तिने श्वास सोडला, तर तो पुढे म्हणाला, "पाच म्हणजे काकांची प्रत."

पाचावर धारण बसते म्हणतात ना, ती तिची अक्षरशः बसली. फरक सगळ्यांच्या प्रतीत त्याच एका पायात होता. खऱ्या चित्रात नखं चारच, कारण मांजराला मागच्या पायाला चारच असतात आणि तो प्राणी मुळात काकांनी आपलं मांजर समोर बसवून काढला होता. काका साहेबांना एवढंच म्हणाले, की माझाच प्राणी मी कशाला चोरू? त्यावर साहेब म्हणाले, तो तुमचा नाही, कंपनीचा आहे. मग काकांनी टेबल आवरलं, ब्रश फडक्यात गुंडाळले आणि कुणाकडेही न बघता निघून गेले.

"मी आधी घाईघाईने मोजलं," नवरा खाली बघत म्हणाला. "पाच दिसली आणि मला बरं वाटलं. काकांचं मग सुचलं."

तिने फोन उघडला. प्रत्येक काम संपलं की ती त्याचा फोटो काढून ठेवत असे. लालबुंद सुजलेली पोटरी, तिच्यावर चढणारा प्राणी आणि डाव्या पायाला सहा नखं. गवत नाही. फोन त्याच्या हातात देऊन तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, टेबलावरच्या कागदापासून त्या पात्यापर्यंत. त्याने ओरडावं अशी तिची इच्छा होती. तो नुसता चित्र मोठं करून मोजत राहिला.

"हा फोटो आणखी कुणी पाहिलाय?" त्याने विचारलं.

इतक्या दिवसांत ती भ्यायली नव्हती एवढी त्या प्रश्नाला भ्यायली. त्याचा अंगठा पडद्याच्या कोपऱ्याशी गेला होता, जिथे पुसून टाकायची खूण असते. कातडीवरचं पुसता येत नाही, हे मात्र एका बोटाने गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर तो अंगठा टेकावा असं तिलाही वाटत होतं. नोकरी राहिली असती, घर राहिलं असतं आणि दोघांनी पुढे कधी काकांचं नाव काढलं नसतं. दोघंही त्या अंगठ्याकडे बघत बसले.

मग तिने फोन त्याच्या हातातून हळूच काढून घेतला. "काकांनी नाही पाहिला अजून," ती म्हणाली.

त्याने अडवलं नाही. वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला आणि त्या काही केल्या सुटेनात.

काकांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. तिची रेघ कधी कापत नाही, असं घरी आले की ते नेहमी म्हणायचे. आवाज मात्र कापत होता, तो काही तिला आवरेना.

"सहा होती, काका," ती म्हणाली. "सहावं मी झाकलं."