श्रावण पाळणारा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. रंगनाथ. नाव घेतल्यानं त्याचं आयुष्य कमी होत असेल तर होऊ दे.

रंगनाथला गोष्ट फार छान सांगता येते. नाशिक रोडला आमच्या कॉलनीमागच्या समाजमंदिरात दर रविवारी दारू सोडलेल्यांची सभा भरायची. एकेकानं माइकसमोर उभं राहायचं आणि आपल्या आयुष्याला कलाटणी कशी मिळाली ते सांगायचं. गोष्ट खरी पाहिजे आणि स्वतःच्या तोंडून पाहिजे, असा तिथला नियम. बाकीचे अडखळायचे, रंगनाथ मात्र कीर्तनकारासारखा रंगायचा. ती गोष्ट ऐकायला त्याला चांदवड-सटाण्याहूनसुद्धा बोलावणी यायची.

गोष्ट अशी, की चौऱ्याण्णव सालची नागपंचमी. तो पिऊन तर्र होऊन घरी आला. शुद्ध नव्हती. बायकोवर हात उचलला. शुद्धीवर आल्यावर तिचा हात गळ्यात बांधलेला पाहिला आणि त्याच दिवशी बाटली फोडली. दारू गेली आणि घरातला राक्षस गेला. इथं आवाज कातर करून तो माझ्याकडे बोट दाखवायचा. मी बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत. माझा डावा हात कोपराखाली वाकडा जुळलाय, तो लोकांना नीट दिसायचा. मग टाळ्या.

हात उचलला म्हणे. मेल्यानं वरवंटा उचलला होता.

आणि पिऊन? रंगनाथ गटारीला गळ्यापर्यंत ढोसायचा आणि श्रावण लागला की गणपती उठेपर्यंत थेंबाला शिवायचा नाही. मटण नाही, अंडं नाही, दाढीसुद्धा नाही. आमच्याकडचे निम्मे पिणारे असाच श्रावण पाळतात. तरी ‘नागपंचमीला पिऊन आलो’ हे ऐकून एकाही बाईला शंका येऊ नये? पण सांगणारा रडायला लागला की ऐकणाऱ्याची अक्कल गहाण पडते.

त्या सकाळी माझ्या किशोरला उलट्या होत होत्या. पोराचे डोळे खोल गेलेले. साखर-मिठाचं पाणी करून द्यावं म्हणून मी विळी काढली आणि लिंबू चिरलं. नागपंचमीला चिरू नये, कापू नये, तवा ठेवू नये, हे मलाही माझ्या आईनं शिकवलंय. पण पोरगं हातचं जाताना कोण पंचांग बघतं? रंगनाथ देवपूजा आटोपून स्वयंपाकघरात आला. कपाळाला गंध. त्यानं लिंबाच्या दोन फोडी पाहिल्या आणि पाट्यावरचा वरवंटा उचलला. मी डोकं वाचवायला हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. खाली पडले तेव्हा दुसरा पाठीत बसला, तिसरा मांडीवर. पोरगं कोपऱ्यात ओकत होतं आणि रडत होतं. मग माझे केस धरून त्यानं तोंड जवळ आणलं आणि म्हणाला, “नाग चिरलास तू आज.” त्याच्या तोंडाला तुळशीचा वास येत होता. नुकतंच तीर्थ घेतलं होतं त्यानं.

दारू सुटली ती सात वर्षांनी, डॉक्टरांनी लिव्हरची भीती घातल्यावर. मार काही सुटला नाही. दारूत असताना निदान नेम चुकायचा, पाय लटपटायचे, मला मोरीत शिरून कडी लावता यायची. आता तो शुद्धीत मारायचा. पाठीत, कमरेत, साडीनं झाकेल तिथंच.

दोन हजार चारच्या श्रावणात सभेला तृप्ती आली. तिचा नवरा सुनील नुकताच दारू सोडून सभेत येऊ लागला होता. त्यानं तिचा पुढचा दात पाडला होता, म्हणून ती सटाण्याला माहेरी निघून गेली होती. सभा चालवणारे यज्ञेश्वरकाका स्वतः जाऊन तिला घेऊन आले. एकदा रंगनाथरावांची गोष्ट ऐक आणि मग काय ते ठरव, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. माझ्या शेजारी बसली, पायाशी कपड्यांची पिशवी. गोष्ट ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. टाळ्या चालू असताना ती माझ्याकडे वळली.

“मावशी, दारू सुटनी, मंग मारनं बी सुटनं ना? तुम्ही हा म्हना. म्हनजे मी आजच घरी जाते.”

पडलेल्या दाताच्या फटीतून तिचे शब्द फुसफुसत होते. माझं डोकंच फिरलं. त्या फटीकडे बघून ‘हो’ म्हणायला माझी जीभ रेटेना. मी उठले आणि माइकपाशी गेले. रंगनाथ हसला. त्याला वाटलं, बायको आता उखाणा घेणार.

“माझ्या नवऱ्याचं नाव रंगनाथ,” मी म्हणाले. “हा श्रावण पाळतो. त्या नागपंचमीला याच्या पोटात दारू नव्हती, तीर्थ होतं. मी लिंबू चिरलं म्हणून यानं वरवंट्यानं माझा हात मोडला. परवा वरण खारट झालं म्हणून कमरेत लाथ घातली, तेव्हाही पिलेला नव्हता. मला दारूनं कधीच मारलं नाय. यानं मारलं.”

मागून एक म्हातारी पुटपुटली, खरंच की गं, श्रावणात कुठं पितात.

रंगनाथ धावत आला. त्यानं माझ्या हातातला माइक हिसकला आणि तोच माझ्या तोंडावर हाणला. माइक चालू होता. माझं गालफड फुटल्याचा आवाज भोंग्यातून सगळ्या कॉलनीनं ऐकला. दुसरा घाव कानावर बसला. मी पडले तशी त्यानं झिंज्या धरल्या आणि डोकं फरशीवर आपटलं. पुरुष जागचे हलायला वेळ लावत होते. यज्ञेश्वरकाकांनी शेवटी त्याला मागून मिठी मारली, आणि नव्या माणसाचा घ्यायची सवय होती तसा त्याच्या तोंडाचा वास घेतला. खाली पडलेला माइक अजून चालूच होता.

“प्यायलेला नाही हा,” काका म्हणाले. तेही सगळ्यांनी ऐकलं.

तृप्तीनं पिशवी उचलली. सुनील दारात आडवा आला. मी यांच्यासारखा नाही, मी दारू सोडली आहे, असं काहीबाही सांगायला लागला. तिनं त्याला एवढंच विचारलं, “तुम्ही बी श्रावण पाळता ना?”

“पाळतो म्हणजे? लहानपणापासून,” तो छाती काढून म्हणाला.

तिनं तोंडावरचा पदर बाजूला करून त्याला पडलेल्या दाताची फट दाखवली. तो दात पडला होता गेल्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला. ते सुनीलला बोलून गेल्यावर आठवलं आणि तो दारातून बाजूला झाला.

मी तोंडातलं रक्त फरशीवर थुंकले आणि तिच्या मागोमाग निघाले.